वास घेतलेली फुलं

देवाची फुलं तोडायचं काम माझ्याकडं होतं. जालन्याला मस्तगडच्या बाजूला दादांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, घर होतं. शाळेच्या चार यत्ता झाल्या, लग्न झालं, आणि काही वर्षांतच मुदतीच्या तापानं नवरा गेला. सासरच्यांनी दादांना बोलावून घेतलं आणि दादा मला बैलगाडीतून घेऊन आले. घरी आल्यावर वहिनीनं मला कामं लावून दिली, त्यात हे एक होतं. सकाळी अंघोळ झाली की परडी घ्यायची आणि पुढच्या अंगणात जायचं. तिथं एका बाजूला पाण्याचा आड होता, मोगरा होता, जाई होती, तगर होती, आणि थंडीत शेवंती फुलायची.

देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नसतो. हुंगलेलं फूल उष्टं होतं. ही रीत मला लहानपणापासून माहीत होती, पण लहानपणी देवाची तोडून झाली की राहिलेली फुलं आमच्या वेणीत यायची आणि त्यांचा हवा तितका वास घ्यायला मोकळीक असायची. आता देवाची झाली की राहिलेली वहिनीच्या वेणीत जायची. मला माळायची नव्हती. म्हणजे त्या अंगणात जेवढी फुलं उमलत, त्यातलं एकही मला हुंगता येईल असं नव्हतं.

चुकून वास जाऊ नये म्हणून मी श्वास धरून फुलं तोडायला शिकले. मोगऱ्यापाशी वाकायच्या आधी छाती भरून घ्यायची, ओठ मिटायचे, हाताला येतील तेवढ्या कळ्या तोडायच्या, मग तोंड आडाकडं वळवून श्वास सोडायचा. तिकडूनच भरून घ्यायचा आणि पुन्हा वाकायचं. पुढं पुढं ते इतकं अंगवळणी पडलं की बाजारात हारवाला जवळून गेला तरी माझा श्वास आपोआप थांबायचा. मोगरा आमच्याच दारात होता, आणि त्याचा वास आता मला मिळायचा तो दुसऱ्या बायका माळून शेजारून गेल्या तरच.

वहिनी वाईट नव्हती. ती बोलायची फार आणि मी बोलायचीच नाही, एवढंच. शेजारणी जमल्या की ती माझ्याकडं हात करून म्हणायची, "आमच्या वन्संच्या तोंडात मूगच भिजवून ठेवलेत. मोड यायची वाट बघून राह्यले मी." सगळ्या हसायच्या. मीही हसायची आणि आत जायची.

तिच्या दुसऱ्या बाळंतपणात ती अडली. सुईणीनं हात टेकले तेव्हा दादांनी टांगा आणला आणि तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं. बाळ-बाळंतीण वाचली, पण तिला तिथं बरेच दिवस ठेवून घेतलं. मी दोन्ही वेळचा डबा घेऊन जायची. तिचं जेवण होईपर्यंत बाहेर पायऱ्यांवर बसायची, कारण आत खाटांवरच्या अनोळखी बायका विचारायच्या, तुमचे मालक कशानं गेले म्हणून.

पायऱ्यांसमोर विटांनी आखलेला बागेचा तुकडा होता. एक गोरी, वयस्कर नर्सबाई तिथं संध्याकाळी हातात कात्री घेऊन वाकलेली असायची. एक दिवस तिनं मला बोलावलं. मी उठले, पण पुढं गेले नाही. मग तीच आली. राखाडी रंगाचा, काड्याकाड्यांचा पाला तिनं तळहातावर चोळला आणि हात माझ्या नाकाशी आणला. मी सवयीनं श्वास धरला आणि तोंड फिरवलं.

"भिऊ नका," ती म्हणाली. तिचं मराठी पुस्तकातून शिकलेलं होतं. "हे दुष्ट झाड नव्हे. हे लॅव्हेंडर आहे. माझ्या मातेच्या अंगणात हे पुष्कळ असे."

मी मान हलवली. तिला वाटलं असेल मला ते हवंय. तिनं चार-पाच काड्या छाटल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्या रिकाम्या डब्यात ठेवल्या.

"एक गोष्ट स्मरणात ठेवा. तुम्ही त्याजवर फार माया करू नये. फार माया केल्यास ते मरण पावेल."

घरी येईपर्यंत सगळ्या डब्याला तो वास लागला होता. झाकण काढलं आणि श्वास धरायच्या आतच तो नाकात गेला. गोड नव्हता. कापरासारखा थोडा, ओव्यासारखा थोडा, आणि त्याच्यामागं आणखी काहीतरी, ज्याला माझ्याकडं शब्द नव्हता. मी घाबरून इकडंतिकडं पाहिलं. मग लक्षात आलं, हा तर पाला आहे. देवाला हा कुणी वाहत नाही, वेणीत कुणी घालत नाही. याचा वास घेऊ नये असं मला कुणीच कधी सांगितलेलं नाही, कारण हे झाडच आमच्याकडं कुणाला ठाऊक नाही.

माया करू नका म्हणजे काय, ते मात्र मला कळलं नव्हतं. झाड लावलं म्हणजे त्याला पाणी घालायचं. अंघोळ झाली की तुळशीला पाणी घातल्याशिवाय आमच्याकडं चहासुद्धा कुणी घेत नाही. घरात झाड तहानलेलं ठेवणं म्हणजे दारातला याचक उपाशी परत पाठवणं. मी शेतातली काळी माती आणवली, त्यात शेणखत मिसळलं, काड्या पुढच्या अंगणातल्या कुंड्यांत खोचल्या आणि तुळशीचं झालं की त्यांना एकेक तांब्या पाणी घालू लागले. दुपारी माती हाताला जरा कोरडी लागली तर परत घालायची. एक काडी जास्तीची होती. तिला कुंडी उरली नाही म्हणून ती परसात, शेजारच्या भिंतीला लागून पडलेल्या एका फुटक्या मडक्यात लावून दिली.

त्याच आठवड्यात ती भिंत दुरुस्त करायला गवंडी आला. पंधरा-वीस दिवस परका पुरुष परसात काम करत होता, म्हणून मी मागच्या दारानं बाहेर पाऊल टाकलं नाही. भांडीसुद्धा पुढं नेऊन घासली. पुढच्या कुंड्यांची मी दुप्पट काळजी घेतली.

गवंडी गेल्यावर परसात गेले तर मडक्यात अर्ध्यापर्यंत चुना, वाळू आणि जुन्या भिंतीचा चुरा पडलेला. पाण्याचा थेंब नाही. आता ही काडी गेली, असं समजून मी चुरा काढायला बसले, तर तिच्या टोकाला दोन नवी पानं होती, राखाडी, उंदराच्या कानाएवढी. तशीच उठून पुढं आले. तिथल्या सगळ्या काड्या बुडाशी काळ्या पडल्या होत्या. एक उपटून पाहिली तर बोटाला चिकट लागली. ज्यांच्यावर जीव टाकला त्या कुजल्या होत्या, आणि लाजेपायी जिच्याकडं फिरकले नाही ती जगली होती.

त्यानंतर मी तिला तिच्या पद्धतीनं वाढवलं. खत नाही. माती भेगाळली की थोडं पाणी, तेही बुडाशी, पानांवर नाही. उन्हाळ्यात दुपारच्या झळा लागू नयेत म्हणून मडकं रांजणाआड सरकवायचं. पावसाळ्यात वळचणीखाली, पण पागोळ्यांच्या आत. पाऊस थांबला की पुन्हा उन्हात. काड्या लांबल्या की विळ्यानं छाटायच्या, कात्री नव्हती. सगळ्यात अवघड काय होतं, तर पाण्याचा तांब्या हातात असताना तिच्यावरून पुढं जायचं.

वहिनी घरी आली, तिचं हिंडणंफिरणं सुरू झालं, तेव्हा तिनं ते पाहिलं. "हे काय लावलंय, वन्सं? गवत?"

"दवाखान्यातल्या बाईनं दिलंय."

"मंग लावा. मिशनचं गवत. आपल्या गाईला घालू नका मात्र, बाटंल." आणि आपल्याच बोलण्यावर ती हसत सुटली.

त्या पाल्याची खुबी अशी होती की त्याला नाक लावावं लागत नाही. हात फिरवला की वास हातात येतो आणि नखांत राहतो. पहिल्या दिवसांत मी सकाळीच हात फिरवून स्वयंपाकाला बसायची. एकदा दादांनी घास घेतला आणि थांबले. "पिठात औषध पडलं का काही?"

"औषध नव्हं," वहिनी म्हणाली. "वन्संची भाकर बाटलीय. वासच येऊन राह्यलाय मिशनचा."

दादा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी भाकरी खाल्ली. पण तेव्हापासून मी सगळी कामं उरकल्यावर, दुपारी घर झोपलं की परसात जायला लागले. मडक्यापाशी बसायचं, एक हात फिरवायचा आणि तो हात मांडीवर उताणा ठेवायचा. तेवढा वेळ मला श्वास धरावा लागत नसे. दिवसभरात दुसरी अशी जागा मला नव्हती.

भिंतीपलीकडं एक मुसलमान कुटुंब राहायचं. त्या घरातली मोठी बाई, तिला सगळे आपा म्हणायचे, भिंतीवरून वाकून बोलायची. एकदा तिला वास आला.

"क्या जी बीबी, क्या मलते बैठी रोज? ला, दिखा इधर." मी एक काडी दिली. तिनं ती नाकाला लावली आणि डोळे मोठे केले. "अगे, ऐसीच बूटी हमारे हकीमसाब के डब्बे में रहती! सर भारी हुआ तो काढा पिलाते. दिमाग की झाडू बोलते उसकू. अंदर का सब कचरा झाड देती."

"मंग मला लई मोठी झाडू लागंल," मी म्हणाले.

आपा इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. "हौ? बोलती बी है तू? मैं समझी गूंगी है!"

दिवसभर मला त्या एका वाक्याचं बरं वाटत राहिलं. पण दुसऱ्या दिवशी ती वाकली तेव्हा मला काही सुचलं नाही, आणि मग ती मोलकरणीशी, भाजीवालीशीच बोलू लागली. दोष तिचा नव्हता.

अशी बरीच वर्षं गेली. मडकं बदलून मोठं घेतलं, झाड गुडघ्याएवढं झालं, बुडाशी लाकूड झालं. फूल मात्र आलं नाही. आमच्याकडचा उन्हाळा त्याला सोसतो एवढंच पुष्कळ आहे असं मी समजायची. आणि खरं सांगायचं तर फूल नाही, तेच बरं होतं. पाला कुणाचा नसतो. फुलाला मालक असतात.

एका वर्षी थंडी फार पडली. सकाळी आडाच्या पाण्याची वाफ निघायची. ती थंडी सरली आणि फाल्गुनात झाडातून लांब, सरळ काड्या वर आल्या. त्यांच्या टोकांना बारीक कणसासारखं काहीतरी धरलं होतं. मी रोज बघायची आणि रोज मनात म्हणायची, हे फूल नसू दे. मग त्या कणसांत जिऱ्याएवढ्या कळ्या फुगल्या आणि त्यातून वांग्याच्या फुलाचा रंग डोकावला. मी मडकं फिरवून काड्या भिंतीकडं केल्या. खुडून टाकाव्यात असंही मनात आलं. हातही घातला होता. पण इतक्या वर्षांनी आलं होतं ते.

चैत्र लागला. परसात बाजेवर कुरडया वाळत घालायच्या होत्या, म्हणून वहिनी मागं आली आणि तिला ते दिसलंच.

"वन्सं! अहो, फुलं आली की तुमच्या गवताला!" ती मडक्यापाशी बसली. पदर सावरत वाकून वाकून पाहू लागली. "काय रंग हाये, बाई! आन् मला सांगितलं न्हाई?"

मी कुरडया सारख्या करत राहिले.

"उद्या आपल्याकडं हळदीकुंकू हाये. गौरीच्या पाळण्याला ही लावू. आन् आलेल्या एकेकीला एक काडी देऊ ओटीत. त्या वकिलीणबाईनं परवा गुलाब काय दाखवले आम्हाला! गुलाब म्हणे, हैदराबादेहून आलेत. आता येऊ द्या म्हणावं उद्या. असलं फूल साऱ्या जालन्यात कुणाकडं न्हाई." ती उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती खरोखर खूश होती, माझ्यावरही. "सकाळी तुम्हीच तोडून ठेवा. बराबर तोडता तुम्ही. तुमच्या हातच्या फुलाला कधी डाग न्हाई."

नाही म्हणायचं मला माहीत नव्हतं. त्या घरात मी कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे मी मागच्या खोलीत असणार. हरभरे भिजवायचे, कैरी किसून डाळ वाटायची, पन्हं गाळायचं आणि भांडी दारापर्यंत सरकवायची. पुढं बायका हसत असणार, आणि त्यांच्या हातांत, वेण्यांत माझ्या झाडाची काडी असणार. फुलं गौरीची आणि सवाष्णींची ठरली की पुढच्या वर्षीही त्यांचीच. मग झाड पुढच्या अंगणात येईल. मग त्याच्यापाशी वाकतानाही मला श्वास धरावा लागेल. ती एक जागा होती, ती जाणार होती.

सकाळी मी अंघोळ केली, परडी घेतली, आणि नेहमीसारखी मोगऱ्याची फुलं तोडली. छाती भरायची, वाकायचं, तोडायचं, आडाकडं वळायचं. परडी अर्धी भरली. मग मागं गेले.

वहिनी परसात उभी होती. केस ओले, हातात पंचा. तिला तोडताना बघायचं होतं.

मी मडक्यापाशी बसले. सवयीनं छाती भरून घेतली आणि ओठ मिटले. एका काडीला हात घातला. खुडायला फक्त नख लावायचं होतं. मला ते लावता येईना. श्वास संपत आला. अशा वेळी मी तोंड वळवते, पण त्या दिवशी वळवलं नाही. श्वास मी तिथंच, फुलांवर सोडला. आणि मग नाक लावून, आत जाईल तेवढा आत घेतला.

"वन्सं!" वहिनी म्हणाली.

मी दुसरी काडी ओढून घेतली आणि तिचाही वास घेतला. मग तिसरी.

"अहो, हुंगलंत की तुम्ही!"

"हो."

"सगळी?"

दोन-तीन काड्या पलीकडच्या बाजूला राहिल्या होत्या. मी मडकं फिरवलं, वाकले आणि त्यांचाही वास घेतला. "आता सगळी," मी म्हणाले.

तिनं हातातला पंचा खांद्यावर टाकला. मी मडकं पुन्हा होतं तसं फिरवून ठेवलं.

"मंग गौरीला न्हाई चालायची," ती म्हणाली.

"न्हाई चालायची."

तिनं माझ्यापाशी ठेवलेली परडी उचलली आणि आतल्या मोगऱ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "हीबी हुंगलीत काय?"

"न्हाई, वहिनी. आजवर एकबी न्हाई."

तिचा चेहरा जरा बदलला. काय ते मला सांगता येणार नाही. ती परडी घेऊन आत गेली.

हळदीकुंकू झालं. गौरीच्या पाळण्याला मोगरा लावला. वकिलीणबाई आल्या होत्या, त्यांचं हसणं मागच्या खोलीपर्यंत येत होतं. मी डाळ वाटली, पन्हं गाळलं. फुलांचा विषय वहिनीनं कुणापाशी काढला नाही, दादांपाशीही नाही. एरवी तिच्या पोटात काही राहत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परडी घ्यायला गेले तर परडी खुंटीवर नव्हती. वहिनी पुढच्या अंगणात होती. ती स्वतः फुलं तोडत होती. त्या दिवसापासून ते काम तिच्याकडं गेलं. माझ्या हातच्या फुलांचा तिला भरवसा उरला नव्हता आणि तो उरावा असं काही मी केलंही नव्हतं. पण त्या कामात निदान सकाळी मी पुढच्या अंगणात असायची. रस्त्यानं जाणारं कुणीतरी दिसायचं, दूधवाला दादांची खुशाली विचारायचा. आता माझा सगळा दिवस घराच्या मागच्या बाजूला गेला. झाड माझं राहिलं. ते मागायला पुन्हा कुणी आलं नाही. बघायलाही कुणी आलं नाही.

ती फुलं मी काडीवरच वाळू दिली. उन्हात रंग उडून ती मातकट झाली, पण चुरली की वास होता. पुढं आणखी एकदाच फूल आलं, तेही थोडं.

एक सकाळ मात्र आठवते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुढचं अंगण थोडं दिसतं. मी भाकरीचं पीठ घेऊन बसले होते. वहिनी मोगऱ्यापाशी होती. ती वाकायच्या आधी थांबली, छाती भरून घेतली, ओठ मिटले, भराभर कळ्या तोडल्या, आणि मग तोंड फिरवून श्वास सोडला. पुन्हा तसंच. तिला तसं करायचं काही कारण नव्हतं. देवाची झाल्यावर राहिलेली तिचीच होती, हवा तितका वास तिला नंतर घेता आला असता. आणि ते कुणी शिकवत नाही. इतकी वर्षं मला बघत असली पाहिजे.

फक्त ती तोंड भलतीकडं, भिंतीकडं फिरवत होती. तिथं हवा कोंडलेली असते आणि मोगऱ्याचाच वास परत येतो. आडाच्या बाजूनं वारा येतो, तिकडं वळलं तर श्वास लवकर भरतो. हे तिला सांगावं म्हणून मी उठले, दारापर्यंत गेलेसुद्धा. मग हातांना पीठ लागलंय असं मनाशी म्हणून परत येऊन बसले. हाताला अजून पाल्याचा वास नव्हता. दुपार व्हायला पुष्कळ वेळ होता.